मध्यम तंतूंना दिशा का नसते, आणि पेशीत त्यांची जुळणी नेमकी कशाने सुरू होते?

शंकेखोर:

पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका हे दोन भाग मला बऱ्यापैकी उमगले आहेत, असे मी धरून चाललो आहे. दोन्हींमध्ये गोलसर घटक ठरावीक बाजूने तोंड करून एकापुढे एक बसत जातात. त्यामुळे तंतूचे एक टोक वेगाने वाढते, दुसरे सावकाश वाढते आणि एटीपी किंवा जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंच्या विघटनावर हा सारा व्यवहार चालतो. इंटरमीडिएट फिलामेंट, म्हणजे मध्यम तंतू, यांच्या प्रकरणात मात्र मी अडलो आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला एकच आकृती येते. दोन लांबट रेणू एकमेकांभोवती पीळ घेऊन डायमर म्हणजे जोडी बनवतात, दोन जोड्या मिळून टेट्रामर म्हणजे चौकडी होते, आठ चौकड्या एकत्र येतात आणि पुढच्याच चौकटीत १० नॅनोमीटर जाडीचा दोर तयार झालेला दाखवलेला असतो.

या आकृतीवरून माझ्या मनात काही शंका आल्या आहेत. पहिली शंका अशी की, एकेक रेणूला जर दोन वेगळी टोके आहेत, तर तंतूला दिशा का नाही? दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. या प्रथिनांना एटीपी लागत नाही आणि ती परीक्षानळीत आपोआप जुळतात, असे सर्वत्र लिहिलेले असते. मग पेशीत रायबोसोमवरून उतरताक्षणी ती जिथल्या तिथे गुंतून का बसत नाहीत, आणि पेशीविभाजनाच्या वेळी हा घट्ट दोर सुटतो तरी कसा? तिसरी शंका लहान आहे. तंतूच्या छेदात ३२ रेणू असतात असे एका ठिकाणी वाचले आणि ४० असतात असे दुसऱ्या ठिकाणी वाचले. यांपैकी कोणता आकडा धरावा? केंद्रकाच्या आतल्या अस्तरातील लॅमिन ही प्रथिने याच आकृतीत बसतात का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

वीणकर:

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर चौकडीत आहे, परंतु तिथे पोहोचण्याआधी जोडी नीट पाहावी लागेल.

या कुळातील सर्व प्रथिनांच्या मधोमध एक लांब दंडभाग असतो. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशीद्रव्यातील प्रथिनांत तो सुमारे ३१० अमिनो आम्लांचा असतो, तो जवळजवळ पूर्णपणे अल्फा हेलिक्सच्या, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळशांच्या, रूपात असतो आणि जोडीत त्याची लांबी सुमारे ४५ नॅनोमीटर भरते. त्याच्या एका बाजूला शीर्षभाग आणि दुसऱ्या बाजूला पुच्छभाग असतो. या दोन्हींना पक्का आकार नसतो. दंडभागातील अमिनो आम्लांचा क्रम सातासातांच्या आवर्तनात चालतो आणि प्रत्येक आवर्तनातील पहिली व चौथी जागा पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या आम्लांनी व्यापलेली असते. हेलिक्सचा एक फेरा साडेतीन-पावणेचार आम्लांत पूर्ण होत असल्यामुळे या जागा दंडाच्या एकाच अंगाला येतात आणि त्यांची एक किंचित तिरपी पट्टी तयार होते. दोन दंड आपापल्या पट्ट्या एकमेकींना भिडवतात आणि पट्ट्या तिरप्या असल्यामुळे भिडता भिडता त्यांना पीळ पडतो. अशा पिळाची कल्पना क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली ती केरॅटिनच्याच, म्हणजे केस व त्वचेतील याच कुळातील प्रथिनाच्या, क्ष-किरण चित्रांच्या संदर्भात, हे जाता जाता नोंदवतो. जोडीत दोन्ही रेणूंची शीर्षे एकाच बाजूला असतात, त्यामुळे जोडीला निश्चितच दिशा असते. इथपर्यंत आपला तर्क बरोबर आहे.

दिशा नाहीशी होते ती पुढच्या पायरीवर. दोन जोड्या शेजारी येतात त्या उलटसुलट तोंडांनी, आणि शिवाय एकमेकींच्या तुलनेत जवळपास अर्ध्या लांबीने सरकलेल्या. दंडाच्या पहिल्या अर्ध्यातील मोठा खंड, ज्याला १बी म्हणतात, तो दोन्ही जोड्यांत परस्परांवर येतो. परिणामी चौकडी सुमारे ६० नॅनोमीटर लांब होते आणि तिची दोन्ही टोके तंतोतंत सारखी दिसतात. चौकडी उचलून उलटी ठेवली, तर ती मूळ चौकडीपासून ओळखता येणार नाही. जिची टोके सारखी आहेत अशा विटेची भिंत कशीही रचली तरी तिला तोंड मिळत नाही. म्हणूनच मायोसिन ॲक्टिनवरून किंवा कायनेसिन सूक्ष्मनलिकेवरून ज्या रीतीने चालते, त्या रीतीने मध्यम तंतूवरून चालणारे प्रेरक प्रथिन सापडलेले नाही. दिशा नसलेल्या रस्त्यावर कुठे जायचे हे त्याला कळणार नाही.

जोडी कोणाकोणाची होते हा विषय मोठा आहे, तो थोडक्यात सांगतो. माणसात या कुळाची सुमारे ७० जनुके आहेत आणि त्यांपैकी ५४ एकट्या केरॅटिनची आहेत. व्हायमेंटिन आणि डेस्मिन ही याच कुळातील प्रथिने स्वतःशीच जोडी करतात. केरॅटिनला मात्र आम्लधर्मी पहिल्या प्रकारातील एक आणि दुसऱ्या प्रकारातील एक असे दोन वेगळे जोडीदार लागतात. त्वचेच्या तळथरात ५ आणि १४ क्रमांकांची जोडी असते, तर वरच्या थरांत १ आणि १० क्रमांकांची. जोडीदार न मिळालेले केरॅटिन पेशीत टिकत नाही, त्याचे विघटन होते.

'मध्यम' या नावाविषयीही एक खुलासा करतो. ७ नॅनोमीटरचे ॲक्टिन आणि २५ नॅनोमीटरची सूक्ष्मनलिका यांच्या मधले ते मध्यम, असे आज शिकवले जाते आणि ते आकड्यांच्या दृष्टीने चुकीचे नाही. परंतु १९६८ मध्ये हे नाव पडले ते वाढत्या स्नायुपेशींत, ॲक्टिनचे बारीक तंतू आणि मायोसिनचे जाड तंतू यांच्याशी तुलना करताना.

क्षारजल:

वीणकर यांनी चौकडीपर्यंत आणून सोडले आहे, तिथून पुढे नळीत काय घडते ते सांगतो, कारण आपल्या दुसऱ्या शंकेची किल्ली त्या प्रयोगात आहे.

व्हायमेंटिन शुद्ध करताना ते ८ मोलर युरियात विरघळवून ठेवतात, त्या अवस्थेत रेणू सुटे असतात. युरिया टप्प्याटप्प्याने काढून टाकत प्रथिन अतिशय कमी क्षार असलेल्या आणि थोड्या अल्कधर्मी द्रावणात आणले, की ते चौकड्यांपर्यंत जुळते आणि तिथेच थांबते. ही द्रावणे दीर्घकाळ तशीच राहतात. मग त्यात क्षार घालून त्याचे प्रमाण साधारण शरीरातल्याइतके केले, की काही सेकंदांत चौकड्या आडव्या अंगाने एकमेकींना चिकटतात आणि सुमारे ६० नॅनोमीटर लांब व १६-१७ नॅनोमीटर जाड असे आखूड तुकडे बनतात. त्यांना एककलांबीचे तंतू म्हणू. यांची लांबी एका चौकडीइतकीच असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण इथे चौकड्या पुढे-मागे न लागता कडेने लागलेल्या असतात. यानंतर हे तुकडे टोकाला टोक लावून जुळत जातात. टोके एकमेकांत काही अंतर शिरत असल्याने प्रत्येक नव्या तुकड्यामागे तंतू ६० ऐवजी सुमारे ४३ नॅनोमीटरनेच वाढतो. शेवटी, म्हणजे दहाएक मिनिटांच्या सुमारास, सगळा तंतू आतल्या आत आवळला जाऊन त्याची जाडी ११ नॅनोमीटरच्या आसपास येते.

ॲक्टिनशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. तिथे एकेक घटक टोकावर येऊन बसतो. इथे आधी रुंदी पूर्ण होते, मग लांबी वाढते, आणि लांबी वाढते ती तुकड्याला तुकडा जोडूनच. दोन वाढलेले तंतूही असेच एकमेकांना जोडले जातात. या पायऱ्या खरोखरच वेगळ्या आहेत याचा मला सर्वांत पटणारा पुरावा एका उत्परिवर्तनाचा वाटतो. व्हायमेंटिनमधील ११७ व्या जागेवरील टायरोसिन बदलून तिथे ल्युसिन बसवले, तर एककलांबीचे तुकडे व्यवस्थित तयार होतात, परंतु ते एकमेकांना जोडले जात नाहीत आणि जुळणी त्याच टप्प्यावर गोठते.

आता क्षाराने नेमके काय केले? शीर्षभाग धनभारित असतो, त्यात आर्जिनिन विपुल असते. दंडभागावर एकंदरीत ऋणभार असतो. क्षारांतील आयन दंडांमधील परस्पर प्रतिकर्षण झाकतात आणि शीर्षभागांना शेजारच्या दंडांवर टेकण्याची संधी मिळते. शीर्षभाग कापून टाकलेले व्हायमेंटिन क्षार कितीही घातला तरी चौकडीच्या पुढे जात नाही. पुच्छभाग कापला तर तंतू होतात, फक्त त्यांच्या जाडीत अनियमितपणा येतो. याचा अर्थ जुळणीची कळ शीर्षभागात आहे. केरॅटिन याहून उतावळे असते आणि कमी क्षारातही पुढे जुळत जाते, त्यामुळे वरचे वर्णन सर्व प्रकारांना अक्षरशः लागू करू नये.

ऊर्जेविषयीचा आपला प्रश्न मला थोडा दुरुस्त करावासा वाटतो. ॲक्टिनलाही जुळण्यासाठी एटीपीचे विघटन लागत नाही. विघटन न होणारे एटीपीचे प्रतिरूप दिले तरी तंतू तयार होतो. विघटनाचे काम निराळे आहे, ते तंतूला वय देते आणि त्याचे सुटणे सोपे करते. तेव्हा 'ऊर्जा नसताना जुळते कसे' याऐवजी 'ऊर्जा नसताना सुटते कसे' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

शंकेखोर:

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. विटेच्या उदाहरणाने पहिली शंका पूर्णपणे मिटली. परंतु क्षारजल यांच्या विवेचनाने दुसरी शंका उलट अधिक धारदार झाली आहे. नळीत क्षार घालणारा प्रयोगकर्ता असतो. पेशीद्रव्यात तर पोटॅशियम सदासर्वकाळ १४० मिलिमोलरच्या आसपास असते. म्हणजे पेशीत क्षाराची कळ कायमच दाबलेली आहे. मग नियंत्रण कशाचे आहे?

पेशीनिवासी:

हाच आक्षेप मी घेणार होतो, तो आपणच घेतलात हे बरे झाले. नळीतील प्रयोगांनी आपल्याला पायऱ्या दाखवल्या, पण त्या पायऱ्यांवरून पेशी कशी चढउतार करते हे क्षाराच्या मापाने सांगता येणार नाही.

पेशीत या प्रथिनांचा सुटा साठा खरोखरच फार थोडा असतो आणि तो प्रामुख्याने चौकड्यांच्या स्वरूपात असतो. बाकी सारे तंतूंत असते. म्हणजे जुळणे ही तिथली सहज अवस्था आहे आणि पेशीला खर्च करावा लागतो तो सोडवण्यासाठी. तो खर्च शीर्षभागावर होतो. काही विशिष्ट सेरिन आम्लांवर कायनेज विकरे फॉस्फेट गट चढवतात. प्रत्येक फॉस्फेटबरोबर ऋणभार येतो आणि क्षारजल यांनी सांगितलेली धनभारित शीर्षाची पकड ढिली होते. शुद्ध व्हायमेंटिनच्या तयार तंतूंवर फॉस्फेट चढवले असता ते विघटित होतात, हे नळीत १९८७ मध्ये दाखवले गेले. हा फॉस्फेट एटीपीकडूनच येतो. तेव्हा 'मध्यम तंतूंना एटीपी लागत नाही' हे वाक्य मला अपुरे वाटते. ॲक्टिन आपला एटीपी पोटात घेऊन फिरते. मध्यम तंतूंसाठी तो बाहेरून, कायनेजमार्फत, आणि पेशी ठरवील त्या जागी व त्या वेळी खर्च होतो. फॉस्फेट काढून घेणारी फॉस्फेटेज विकरे पुन्हा जुळणी होऊ देतात.

विभाजनाच्या वेळी एका मागून एक निरनिराळी कायनेजे व्हायमेंटिनच्या शीर्षावरील निरनिराळ्या जागा गाठतात. सीडीके१ आधी येते, आणि ऑरोरा बी दोन कन्यापेशींमधल्या खाचेत काम करते, जेणेकरून पेशी दुभंगताना मध्ये दोर उरू नये. सर्वच पेशींत तंतू पूर्ण विरघळतात असे मात्र नाही. काहींत ते विभाजनभर पिंजऱ्यासारखे टिकून राहतात, आणि जिथे व्हायमेंटिनबरोबर नेस्टिन हे याच कुळातील दुसरे प्रथिन असते तिथे विघटन अधिक होते, असे दिसले आहे.

स्थळाचा प्रश्न उरतो. पसरत्या पेशीत व्हायमेंटिन आधी ठिपक्यांसारखे कण, मग आखूड वळवळते तुकडे आणि मग लांब तंतू अशा रूपांत दिसते. हे कण व तुकडे सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन आणि डायनिन वाहून नेतात. सूक्ष्मनलिका औषधाने मोडल्या की व्हायमेंटिनचे सारे जाळे केंद्रकाभोवती गोळा होते. वीणकर म्हणाले ते बरोबर आहे की या तंतूंवरून कोणी चालत नाही. परंतु हे तंतू स्वतः मात्र दुसऱ्याच्या रस्त्यावरून ओझे म्हणून प्रवास करतात. केरॅटिनचे नवे कण बहुधा पेशीच्या कडेशी, आसंजनस्थळांजवळ, म्हणजे पेशी बाहेरच्या पृष्ठाला चिकटते त्या जागांजवळ, उगवतात आणि ॲक्टिनच्या प्रवाहाबरोबर आत सरकत मोठ्या जाळ्यात मिसळतात.

तयार झालेला तंतूही अचल नसतो. चकाकणारे व्हायमेंटिन असलेल्या तंतूवर प्रखर प्रकाशाने काळी पट्टी उमटवली, तर ती पट्टी कोणत्याही एका टोकाकडे न सरकता, आहे तिथेच हळूहळू उजळते. चौकड्या टोकांऐवजी अंगभर कुठूनही निघतात आणि कुठेही बसतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोन वेगवेगळ्या रंगांच्या पेशी एकत्र केल्यावर कालांतराने एकाच तंतूत दोन्ही रंगांचे लांब पट्टे आलटून पालटून दिसतात, ते टोकाला टोक जुळल्याचे चिन्ह. तंतूंचे तुटणे आणि सांधणे हा मोठा व्यवहार आणि चौकड्यांची अदलाबदल हा त्याहून संथ व्यवहार, असे माझे मत झाले आहे.

केंद्रपटल:

लॅमिनविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. लॅमिनना त्या आकृतीत कोंबू नये.

जोडी बनण्यापर्यंत गोष्ट सारखीच आहे, फक्त १बी खंडात सहा आवर्तने, म्हणजे ४२ अमिनो आम्ले, अधिक असतात. पुढे वाट बदलते. व्हायमेंटिनच्या जोड्या आधी कडेने जुळतात, तर लॅमिनच्या जोड्या आधी एकीच्या शीर्षाला दुसरीचे पुच्छ लावून रांग धरतात. ही रांग दिशा असलेली असते. मग अशा दोन रांगा उलट दिशांनी शेजारी येतात आणि दिशा तिथे विरते. एककलांबीचा तुकडा या मार्गात येतच नाही. उंदराच्या भ्रूणातील फायब्रोब्लास्ट पेशींच्या केंद्रकांत अतिशीत इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने पाहिल्यावर २०१७ मध्ये लॅमिनचे तंतू केवळ ३.५ नॅनोमीटर जाडीचे आढळले. तेव्हा '१० नॅनोमीटर' हे विशेषण केंद्रकात आंधळेपणाने लावता येत नाही. विभाजनाच्या वेळी लॅमिन-ए मध्ये दंडभागाच्या दोन्ही बाजूंच्या सेरिनांवर, २२ व्या आणि ३९२ व्या जागी, फॉस्फेट चढतो आणि नेमके टोकाला टोक असलेले सांधे निखळतात. जुळणीचा मार्ग निराळा असला तरी सोडवण्याची युक्ती तीच आहे.

आता ३२ आणि ४०. आठ चौकड्यांचे ३२ रेणू हा आकडा मुख्यतः नळीतील तंतूंचे दर लांबीमागचे वस्तुमान मोजून आला. त्या मोजमापांत आकडे नेहमीच विखुरलेले असत, आणि एकाच तंतूची जाडी मध्येच बदललेलीही दिसे. २०२४ मध्ये व्हायमेंटिनच्या तंतूची अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनावर आधारलेली सविस्तर रचना प्रसिद्ध झाली. तीत छेदात ४० हेलिक्स आहेत, आठ-आठ रेणूंचे पाच पेड एकमेकांभोवती वळलेले आहेत, शीर्षभाग आतल्या पोकळीत एकत्र येऊन मधला गाभा धरतात आणि पुच्छभाग पेडांना आडवे बांधतात. व्हायमेंटिनच्या पक्व तंतूसाठी मी आज ४० धरतो. आठ चौकड्यांची आकृती मी सुरुवातीच्या तुकड्याचे ढोबळ चित्र म्हणून ठेवतो. मात्र व्हायमेंटिनचे ४० केरॅटिनला लावू नयेत.

शंकेखोर:

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. एक शेवटची गोष्ट विचारतो. केरॅटिन १४ मधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने त्वचेला फोड येणारा विकार होतो, आणि जनुकाची दुसरी प्रत निर्दोष असूनही होतो. निम्मे केरॅटिन चांगले असताना निम्मे तरी तंतू चांगले का निघत नाहीत?

वीणकर:

कारण रेणू निवडून वेगळे होत नाहीत, मिसळतात. आपण म्हणता तो विकार एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स होय. केरॅटिन १४ मधील बिघाडाशी त्याचा संबंध १९९१ मध्ये उघड झाला आणि १२५ व्या जागेवरील आर्जिनिन ही त्यातील वारंवार बिघडणारी जागा आहे. ही जागा दंडभागाच्या अगदी आरंभी येते. दंडाचे आरंभ आणि शेवट हे दोन पट्टे या कुळात सर्वांत कमी बदललेले आहेत. जोड्या आणि तुकडे टोकाशी एकमेकांत शिरतात ते याच पट्ट्यांनी, त्यामुळे तिथला लहानसा बदलही लांबी वाढण्याच्या पायरीला नडतो. दंडाच्या मधल्या भागातील बदल अनेकदा सौम्य लक्षणांवर निभावतात.

आता मिसळण्याचा हिशेब पाहा. निम्मे केरॅटिन १४ सदोष आहे आणि ते यदृच्छेने मिसळते, असे धरू. जोडीत केरॅटिन १४ चा एकच रेणू असतो, म्हणून निम्म्या जोड्या निर्दोष निघतात. चौकडीत दोन असतात, तेव्हा चारांतली एकच चौकडी निर्दोष असते. आठ चौकड्यांच्या तुकड्यात १६ असतात, आणि ते सोळाही निर्दोष असण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. केरॅटिनच्या तंतूत नेमक्या किती चौकड्या धरायच्या यावर शेवटचा आकडा बदलेल, पण त्याने फरक पडत नाही, कारण एक मायक्रोमीटर लांबीच्या तंतूत असे वीसहून अधिक तुकडे असतात. जनुक मुळीच व्यक्त झाले नसते, तर एका चांगल्या प्रतीवर भागण्याची आशा होती. सदोष रेणू मात्र तयार होतो, जोडीदार मिळवतो आणि तंतूत शिरूनच त्याला कमकुवत करतो.

केंद्रपटल:

या हिशेबात एक भर घालतो. सदोष रेणू शिरलेला प्रत्येक तुकडा निकामी होतो असे नाही. सौम्य बदल असलेल्या रुग्णांच्या पेशींत तंतू दिसायला ठीक असतात आणि ताण पडल्यावरच तुटतात. तीव्र प्रकारात मात्र तळथराच्या पेशींत केरॅटिनचे गोळे झालेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.